खडकावरचा लेथ

रविवार, ९ नोव्हेंबर
दुपार

प्रिय खटपट्या,

ताईचा आशीर्वाद. तुझ्या बायकोला आणि छोटीला माझी आठवण सांग. आम्ही इकडे ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पुढचं वाचून तुझं तू ठरव.

फोन का नाही केला, म्हणशील. केला होता. पण बाबांचं नाव निघालं की तुझ्याकडे लगेच गिऱ्हाईक येतं. पंपदुरुस्तीला खरंच इतकी गिऱ्हाइकं येत असती तर एव्हाना तू दुकानावर दोन माड्या चढवल्या असत्यास. म्हणून पत्र लिहिते आहे. वाचायचं नसेल तर बाजूला ठेव, पण फाडू नकोस.

आधी चांगली बातमी. आमच्या संस्थेला सरकारकडून मोठं अनुदान मिळालं. आजवर आम्हाला कोण विचारत होतं? वजनं, मापं, तापमापक तपासणारी माणसं, यांना कशाला हवेत पैसे, असा सगळा कारभार. छप्पर गळायचं तेव्हा आम्ही यंत्रांवर छत्र्या धरल्यात. आता क्वांटमचे दिवस आले आहेत. जो तो क्वांटमचं घड्याळ बनवतो, क्वांटमचा सेन्सर बनवतो आणि आमचंच खरं म्हणून सांगतो. खरं-खोटं करायला कुणीतरी तिऱ्हाईत लागतं. तर सरकारनं ठरवलं की ही सगळी उपकरणं तपासायचं केंद्र आमच्याकडे उभं करायचं. बातमी आली त्या दिवशी आमचे साहेब, जे चहालासुद्धा कुणाला विचारत नाहीत, त्यांनी सगळ्यांना पेढे वाटावेत तसे हात मिळवले.

तळघरात एक खोली बांधली. ती बाकीच्या इमारतीला कुठेही टेकत नाही, थेट खालच्या खडकावर उभी आहे. तिथे अणू इतके थंड करायचे की ते जवळजवळ हलायचे थांबतात आणि मग त्यांच्या आधारानं वेळ मोजायची, गुरुत्व मोजायचं. अशा जागेला हादरा अजिबात खपत नाही. वरच्या जिन्यात कुणी धावलं तरी खाली काम बिघडतं. म्हणून अट अशी की खोली खरोखर शांत आहे हे आधी महिनोन्‌महिने मोजून दाखवायचं. ते पटलं की अनुदानाचा पुढचा हप्ता आणि मगच यंत्रं. हे मोजायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं. मी खूश होते रे. इतकी वर्षं लोकांचे तराजू तपासले, आता काहीतरी मोठं करतेय असं वाटलं.

मोजायला लागलो तर पहिल्याच आठवड्यात खोट सापडली. सकाळी सगळं स्थिरस्थावर झालं की एक बारीक थरथर सुरू व्हायची. थोडा वेळ चालायची, थांबायची, पुन्हा चालू. दुपारी बंद. माझ्या हाताखालची मुलं हात धुऊन मागे लागली. लिफ्ट बंद करून पाहिली, पाण्याचा पंप बंद करून पाहिला, कँटीनवाल्याचं फ्रीजसुद्धा काढायला लावलं. तो बिचारा म्हणाला, तुमचे अणू थंड करायला माझं दूध कशाला नासवता! एवढं करून थरथर आपली जागच्या जागी.

मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

पडद्यावर त्या थरथरीची रेघ बघत बसले होते आणि एकदम ओळख पटली. लांब थरथर, म्हणजे जाड काप. मग थांबणं, म्हणजे माप घेणं. मग हलकी, सलग थरथर, म्हणजे शेवटचा बारीक काप. लहानपणी गोवर आला होता तेव्हा संस्थेतल्या बाबांच्या वर्कशॉपातून येणाऱ्या ह्याच आवाजात मी दिवस दिवस पडून असायची. आपल्या क्वार्टरच्या मागच्या पडवीत, संस्थेच्या कुंपणाच्या भिंतीपलीकडे, बाबांचा लेथ पितळ कातत होता.

तुला आठवत असेल, संस्थेचं वर्कशॉप मोडीत काढलं तेव्हा बाबांनी तो लेथ विकत घेऊन घरी आणला. तू तेव्हा घर सोडून गेला होतास, पण आईनं तुला कळवलं होतं. बसवताना त्यांनी पडवीची फरशी उखडली, खाली खडक लागेपर्यंत खणलं आणि खडकात बोल्ट ठोकून तो बसवला. का, तर लेथ तसूभरही हलता कामा नये. तो हलला नाही. खडक हलला. तोच खडक आमच्या तळघराखाली आहे. बाबांनी काम जरा कच्चं केलं असतं तर आमच्या खोलीला पत्तासुद्धा लागला नसता.

मी कुणाला सांगितलं नाही. बैठकीत म्हटलं, बाहेर रस्त्याचं काम चालू आहे, रोलर फिरतोय, त्याची थरथर असणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सांगितलं म्हटल्यावर कोण शंका घेणार? आमच्या धंद्यात हे किती वाईट आहे ते तुला सांगायला नको. चुकीचं माप निघालं तर माणूस सुधारतो. माप माहीत असून खोटं सांगायचं म्हणजे संपलंच.

पण मी तरी काय करणार होते? आई गेल्यापासून बाबांना त्या लेथशिवाय आहे काय? सकाळी अंघोळ झाली की पडवी. पितळेचे ओळंबे करतात आणि गवंडी दिसला की त्याच्या हातात कोंबतात. पैसे घेत नाहीत. गवंडी आता आमच्या गल्लीतून यायचे टाळतात, एकेकाकडे चार चार ओळंबे झालेत.

थांब, बाबा उठले. चहा टाकते.

सोमवार, सकाळ

काल पुढे लिहिलं नाही. चहा हे निमित्त होतं. आज रजा घेऊन बसले आहे, आता लिहिते.

ती रेघ मी रोज बघत राहिले. लपवायची म्हणून बघायची, मग सवय झाली. कामावर बसून बाबा घरी काय करताहेत ते कळायचं, बरं वाटायचं. आता माप घेतलं, आता चहा प्यायले. मग हळूहळू ती रेघ बदलायला लागली. मापाच्या जागा लांबल्या. एकच काप पुन्हा पुन्हा. मग नुसती थरथर, काप नाहीच, म्हणजे लेथ रिकामा फिरतोय. असा तो पहिल्यांदा थोडा वेळ फिरला. नंतर एकदा सकाळभर फिरला. सरकारनं एवढं हळवं यंत्र घेऊन दिलं, आणि त्यावर मी काय वाचलं तर माझ्या बापाचं डोकं कामातून जाताना.

त्या दिवशी मी तशीच उठून घरी पळाले. बाबा फिरत्या लेथपुढे उभे होते. शर्टाची बाही सुटून गरगरणाऱ्या चकापाशी लोंबत होती. पुढे काय करायचं ते त्यांना आठवत नव्हतं. मी बटण बंद केलं तर माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, आईला विचार गं, चहा झाला का.

मी पडवीतच बसून रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तेलकट. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हे पुढे पुढेच जाणार, मागे येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी लेथच्या मोटारीची वायर काढली आणि मोटार जळली म्हणून सांगितलं. त्यांच्या जिवाला भीती होती म्हणून काढली. पण खरं सांगते, त्याच वेळी मनात हेही आलं की बरं झालं, आता खोलीचीही कटकट मिटेल. दोन्ही एकदम आलं. मला आता ते वेगळं करता येत नाही.

थरथर थांबली. मी बैठकीत सांगितलं, रस्त्याचं काम संपलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाबा रोज सकाळी स्टुलावर बसून लेथ पुसायचे आणि विचारायचे, मोटारवाला आला का. मी म्हणायची, उद्या येतोय.

गेल्या आठवड्यात त्यांचा एक चांगला दिवस उगवला. असे दिवस येतात, अगदी पूर्वीचे बाबा. मी संध्याकाळी घरी आले तर मोटारीचं झाकण उघडून, चष्मा लावून बसलेले.

"मोटार धड आहे. वायर कुणी काढली?"

मग मी सगळं सांगितलं. खडक, तळघर, थरथर, त्यांची बाही, डॉक्टर. त्यांनी आजाराबद्दल चकार शब्द काढला नाही. ऐकून झाल्यावर एवढंच विचारलं की साहेबांना तू थरथरीचं कारण काय सांगितलंस. रस्ता, मी म्हटलं.

मग म्हणाले, "लेथच्या परीक्षेत पोराला मी केसभर फरकासाठी नापास केलं. आणि तू आख्खा लेथ लपवलास?"

मला वर बघवेना. म्हणाले, उद्या जा आणि खरं काय ते सांग. मी म्हटलं, बाबा, पुढचा हप्ता अडकेल, मुलांच्या नोकऱ्या अडकतील. तर म्हणाले, "अडकू दे. खोटी शांत खोली घेऊन काय करणार आहात?"

मी गेले आणि सांगितलं. साहेब ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. आता मोजणी पहिल्यापासून होणार, दुसरी बाई करणार. मला त्या कामावरून काढलं. समितीची भेट पुढे गेली, हप्ता पुढे गेला, आणि ज्या मुलांनी टाळ्या वाजवल्या ती आता माझ्याशी कामापुरतं बोलतात. त्यांचं बरोबर आहे. निघताना साहेबांनी फक्त विचारलं, वडील कसे आहेत? आणि म्हणाले, लेथ तिथून हलवावा लागेल. तेही बरोबरच आहे.

तर हे पत्र लेथसाठी आहे, असं मी ठरवून बसले होते. तुझ्या शेडमध्ये जागा आहे, आजूबाजूला मोकळं माळरान आहे, टेम्पो घेऊन ये आणि घेऊन जा, एवढंच लिहायचं होतं. पण लेथ न्यायला कुणीही हमाल मिळेल रे.

त्या चांगल्या दिवशी, वायर हातात धरून, बाबा तुझ्याबद्दलही बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी परीक्षक होतो, बाप घरी होतो, म्हणाले. दुसऱ्याच्या पोराला त्याच फरकासाठी नापास करून ह्याला कसा पास करणार? मग आवाज चढला. "नापास झालेला माणूस पुन्हा परीक्षेला बसतो. घर सोडून जात नाही. सांग त्याला, मी अजून रागावलेलो आहे." निरोप त्यांचा आहे, शब्दही त्यांचेच, मी फक्त पोचवला.

तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगत. उलट आहे. परवा जेवायची वेळ झाली तरी ते ताटावर बसेनात. म्हणाले, पोरगा परीक्षेहून आला का? मी म्हटलं, नाही अजून. येईल, म्हणाले, दमून येईल, आपण थांबू. किती मायेनं म्हणाले ते. आवाजात रागाचा मागमूस नव्हता. आणि मला इतकी भीती वाटली, की फिरत्या लेथपाशी ती बाही बघूनही वाटली नव्हती.

कळतंय का तुला? ज्या दिवशी ते तुझ्यावर चिडलेले असतात त्या दिवशी ते आपले बाबा असतात. असे दिवस कमी होत चालले आहेत. अजून उशीर केलास तर तू दारात उभा राहशील आणि ते हसून तुला आत घेतील, पाणी विचारतील, नाव विचारतील. तुला काही म्हणजे काही बोलणार नाहीत. तुला वाटेल, सुटलो. मग आयुष्यभर कुणाशी भांडशील?

त्यांच्या शिव्या खायला ये, खटपट्या. तुझ्याही चार ऐकव, चांगल्या मोठ्यानं. केसभर फरक होता की नव्हता, ते एकदा दोघं मिळून ठरवा. मी मध्ये पडणार नाही, दार लावून स्वयंपाकघरात बसते.

त्यांना राग आठवतोय तोवर ये.

तुझी वाट बघणाऱ्या दोघांपैकी जी कबूल करते ती,
ताई