‘स’ खोडून ‘श’

प्रिय राखी,

वसाहत म्हणजे काय, असं तू मावशीच्या फोनवरून विचारलंस तेव्हा मी ‘कॉलनी’ एवढंच सांगून फोन ठेवला. मागाहून जोयड्याहून पुस्तक आणलं. पुढच्या शनिवारी तुला वर्गात अमेरिकेतल्या वसाहतींवर बोलायचं आहे, म्हणून एकेक शब्द तपासून लिहितो आहे.

साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधली माणसं जहाजानं अमेरिकेला जाऊन राहिली. त्या वस्त्या म्हणजे वसाहती. पुष्कळ घरं लाकडाची, एका खोलीची. मोठी चूल आणि तिच्यावर टांगलेला लोखंडी हंडा. तुझ्याएवढ्या मुली पाणी आणायच्या, सूत कातायच्या, थंडीआधी वितळलेल्या चरबीत वाती बुडवून मेणबत्त्या करायच्या. काही घरांत मोठी माणसं बसून जेवत आणि मुलं उभ्यानं. हे ऐकून आई म्हणाली, “आमची राखी तर पळत पळत जेवायची.”

त्यांची पाटी लिहून घे. मूठ असलेली लाकडी फळी, तिच्यावर अक्षरांचा कागद, आणि तो मळू नये म्हणून वर शिंगाचा पातळ, आरपार दिसणारा पापुद्रा. तिथं एकच माणूस आपलं नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहायचा आणि कुणाला काही वाटत नसे. मला मात्र वाचूनच कसंतरी झालं.

काही गावांत नाताळ करायलाच बंदी होती. पण पीक घरात आलं की देवाचे आभार मानून जेवण व्हायचं. मक्याची कणसं सोलायला सगळा शेजार जमायचा. लाल कणीस ज्याच्या हाती येईल त्याला बक्षीस. आपण नव्याच्या सणाला दारावर भाताच्या लोंब्या बांधतो, तेही सांग. मका पेरायला त्यांना तिथल्या मूळच्या लोकांनी शिकवलं.

इथं आप्पांनी मला अडवलं. “आनि ती आदीपास्नं ऱ्हायलेली मान्सं कुठं गेली रं? त्ये न्हाई लिवलं?” पुस्तकात एकच ओळ होती, त्यांना हळूहळू मागं सरावं लागलं. मी ती वाचली. आप्पा उठून परसात लावलेल्या मुडलीच्या कंदांकडे गेले. कंद काढायचे दिवस नाहीत, तरी जेवायला हाक मारली तेव्हाही आले नाहीत.

तुला कुणी सांगितलेलं नाही. सरकार आपलं गाव जंगलातून उठवून रामनगरच्या अलीकडे जागा देणार आहे. तिला सगळे कॉलनीच म्हणतात, म्हणून तेव्हा माझ्या तोंडून तोच शब्द गेला. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची वेगळी सही लागते. म्हादूकाकांनी केली. आप्पा म्हणतात, “त्या मुरमात माझी मुडली धरंल व्हय?” सोमवारी कागद आले, तर माझ्या नावात ‘श’च्या जागी ‘स’. मी दाखवलं. कागद घेऊन आलेले साहेब म्हणाले, खोडून नीट करा आणि शेजारी सही करा. मी केली. आप्पांना सांगितलं की सही फक्त नाव सुधारायला केली. त्यांनी विश्वास ठेवला, कारण मी तसाच आहे हे त्यांना माहीत आहे.

राखी, खाली संमतीच्या जागीही मी सही केली. चुकून नाही, सगळं दोनदा वाचून. कॉलनीला लागून दहावीपर्यंतची शाळा आहे. मी आठवीत शाळा सोडली ती लांब पडते म्हणून, आणि तुला तर दहाव्या वर्षी शाळेसाठी मावशीकडे, बेळगावच्या गाडीत बसवलं. तू रडली नाहीस. फक्त विचारलंस, मी येईपर्यंत दारावरच्या लोंब्या ठेवशील का. त्या अजून आहेत. उद्या शुक्रवारी साहेब आप्पांच्या सहीसाठी येतील. आप्पांनी सही करावी की नाही, ते त्यांचं. पण त्याआधी मी त्यांना खरं सांगणार आहे, आणि मला फार भीती वाटते आहे. म्हणून आधी तुला लिहिलं. एकदा शाईनं लिहिलं की मला मागं फिरता येत नाही.

तुझाच दादा,
नागेश