सुशी म्हणजे आपली सुशीला नव्हे

ती. सौ. सुनीतीअक्काच्या कंबरेस आधी आणि मग खुद्द अक्कास, हिंगोलीहून धाकट्या मार्तंडाचा शिरसाष्टांग नमस्कार.

विनंती विशेष. इकडे हिचा गुडघा सोडून सर्व क्षेम. तुमच्या जवळा बाजारच्या त्या नव्या डॉक्टरच्या मलमानं तुला उतार पडला का? (पडला नसला तरी पडला म्हणूनच कळव, कारण तेच मलम मी हिलाही आणून दिलं आहे.) पत्र आपलं सहज लिहितो आहे, काही काम काढून नव्हे. फोन केला असता, पण तुझा फोन कायम मोठ्या आवाजावर आणि ऐकायला अर्धी गल्ली. म्हणून बसच्या कंडक्टरच्या हाती हे पाकीट देतो आहे.

तुला ठाऊकच आहे, देवश्रीचा साखरपुडा मोडला त्याला दोन दिवाळ्या झाल्या. तेव्हापासून पोरगी बँकेत जाते, घरी येते, जेवते, विचारलं तर बोलते, पण हसत नाही. स्थळाचा विषय निघाला की उठून खोलीत. अशात हट्टा गावच्या घराण्यातला, नोकरीला पुण्यात असलेला विश्वजीत सांगून आला आणि फोटो पाहून देवश्री 'बघू' म्हणाली. अक्का, त्या एका 'बघू'साठी मी औंढ्याला अभिषेक बोलून बसलो. हे स्थळ माझ्या हातून बिघडू नये, एवढीच काळजी होती.

मुलाचा फोन आला. म्हणाला, घरी पोह्यांचा कार्यक्रम नको, देवश्रीला अवघडल्यासारखं होईल. आम्ही मुंजीला हट्ट्याला येतोच आहोत, बायपासला नवीन हॉटेल झालंय तिथं भेटू. (पोराला समज आहे, असं मी तेव्हाच हिला म्हणालो.) आणि मग विचारलं, "काका, सुशी चालेल ना?" आता मराठवाड्यात जन्मलेल्या माणसाला हा काय प्रश्न झाला? चुरमुरे भिजवायचे, पिळायचे, फोडणीत शेंगदाणे आणि कढीपत्ता, वरून डाळ्याचं कूट, झाली सुशीला. मला वाटलं, पुण्याकडे नावं अर्धीच घ्यायची पद्धत असते, त्यांनी सुशीलेची सुशी केली असेल. मी म्हणालो, न चालायला काय झालं, आमच्याकडे दर सोमवारी असते!

हॉटेलचं नाव जपानी अक्षरांत आहे, त्यामुळे गाव त्याला 'लाल कंदिलाचं हॉटेल' म्हणतं. दारात चपला काढून बैठ्या मेजाशी मांडी घालून बसायचं, हे मला फार आवडलं. पण ते मेज इतकं बुटकं की गुडघे बाहेर ठेवून आपण तेवढे आत जायचं. (ही आली नाही ते बरं झालं.) वाढायला कोण, तर काळ्या झग्यात आपला उकंडराव! बसस्टँडजवळच्या खानावळीत आपण नको नको म्हणत ताटावर आडवा हात धरायचो आणि तो हात बाजूला सारून वरण वाढायचा, तोच. इथं त्यानं ओळखच दिली नाही. हाक मारली तर जवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, हितं हाक मारायची न्हाई. घंटी दाबायची." दाबली. पुन्हा दाबली. शेवटी परत हाक मारली तेव्हा म्हणतो, "ती बंद हाय. मालकाला सांगूनच राहिलो." मग काहून दाबायला लावतो रे बाबा, म्हटलं, तर म्हणे इथली तशी पद्धत आहे.

त्या रिकाम्या वेळानं माझा घात केला. ताट वेळेवर आलं असतं तर मी इतकं बोललोच नसतो. समोर विश्वजीत आणि त्याला लागून त्याच्या आई, अपर्णाबाई. सगळा जन्म पुण्यात गेलेला, हट्टा त्यांना लग्नकार्यापुरतं ठाऊक. त्यांना मी सांगत सुटलो की सुशी खावी तर आमच्या हिच्या हातची, गरम गरम, शेंगदाणे सढळ आणि वरून लिंबू. बाईंचे डोळे विस्फारले. "गरम? आणि शेंगदाणे?" मी म्हणालो, आमच्या घराण्याची जुनी रीत आहे. मांडी अवघडली म्हणून मी पाय मेजाखाली पसरले होते, इतक्यात माझ्या नडगीवर लाथ बसली. थोड्या वेळानं आणखी एक. मी देवश्रीकडे डोळे वटारले, तर ती मेनू वाचत होती.

आणि मग ती फळी आली. हो, फळीच. तिच्यावर थंड भाताचे चार-चार बोटं सोडून मांडलेले तुकडे, पोटात काकडी आणि बाहेरून काळं शेवाळ. घाटावर ज्याच्यावरून पाय घसरतो, ते. खायला दोन काड्या. अक्का, माझ्या पायाखालची जमीन सरकली. पण घराण्याची रीत सांगून झाल्यावर माघार कशी घ्यायची? मी उसनं अवसान आणून उकंडरावला म्हणालो, जरा वरून फोडणी आणा. क्षणभर तो जुना उकंडराव झाला. "आनतो साहेब," म्हणून वळलासुद्धा. मग झग्याकडे बघून थांबला आणि पडेल आवाजात म्हणाला, "फोडणी मेनूत न्हाई."

देवश्री फस्सकन हसली आणि हसतच राहिली. त्याच सुमारास फळीच्या कडेचा तो हिरवा झणझणीत गोळा माझ्या तोंडात गेला, त्यामुळे माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. विश्वजीतनं आपला रुमाल दिला.

बिल मात्र घंटी न दाबता धावत आलं. तेवढ्यात हिच्या गुडघ्याचा एमआरआय झाला असता, आणि तिथं निदान बोलावल्यावर माणूस येतो. पैसे मी हट्टानं दिले आणि घरी येऊन दोन वाट्या वरणभात खाल्ला.

असो. लोभ आहेच, तो आता माझ्याऐवजी कंबरेवर कर आणि तिला जप.

तुझा,
मार्तंड

ता. क. : एक किरकोळ गोष्ट राहिली. अपर्णाबाईंनी निघताना, 'तुमच्या घरची सुशी खायला रविवारी येतो' म्हटलं आणि मी 'अवश्य' म्हणून बसलो. तरी शनिवारच्या बसनं ये. येताना तुमच्या बाजारातले चुरमुरे आण. ही चुरमुरे पिळते की त्यांच्यावर राग काढते, तेच कळत नाही. तुझ्या हातची मोकळी होते. त्यांना काय सांगायचं ते तू आल्यावर ठरवू.

ता. क. २ : पाकीट चिकटवण्याआधी देवश्रीनं पत्र वाचलं. ती म्हणते, काही ठरवू नका. शेंगदाण्याचं नाव काढताच विश्वजीतला सगळं कळलं होतं. सुट्टीत हट्ट्याला काकूच्या हातची सुशीलाच खाऊन तो वाढला आहे. आईनं पुढं काही विचारू नये म्हणून त्यानं तिला लाथ मारली, ती मला बसली. दुसरीही. काल त्यानं फोनवर देवश्रीकडे त्याबद्दल माफी मागितली म्हणे. तेव्हाच का बोलला नाहीस, असं तिनं विचारलं, तर म्हणाला, "काका इतक्या मायेनं सांगून राहिले होते, काहून अडवायचं?" त्यावर पोरगी त्याला 'हो' म्हणाली. मला आज सांगते आहे.

ता. क. ३ : चुरमुरे जास्तच आण. आणि अक्का, हे वाचून झाल्यावर तुझ्यापाशीच ठेव. तो हिरवा गोळा मी खाल्लाच नव्हता. उठलो तेव्हाही तो फळीवर तसाच होता.