शेगडीची झडप

५ जानेवारी

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण तुझी आई. तिचं आता पुरतं बिनसलं आहे. काल चहात मीठ घातलं, परवा दूध उतू जात असताना समोर बसून नुसती बघत राहिली, आणि मी ओरडलो तर मलाच विचारते की कामावरून कधी आलात. मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली! दिवसभर शेगडीपाशी खुर्चीत पेंगते. उठली की डोकं दुखतं म्हणते, मळमळतं म्हणते. थंडी सुरू झाल्यापासून हे असंच चाललंय. पालथ्या घड्यावर पाणी. मी दुपारभर मित्रांकडे पत्ते खेळायला जातो म्हणून तरी माझं डोकं ठिकाणावर आहे.

शेवटी नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात जाऊन आलो. जागा स्वच्छ आहे. अर्ज भरून सही केली. मुलीचीही सही लागते म्हणाले, म्हणून कागद सोबत पाठवतो. उलट टपाली परत कर. रडारड नको.

बाकी घर उबदार आहे. मी बसवलेल्या शेगडीला तोड नाही. संध्याकाळी एक जाड ओंडका टाकायचा, हवेची झडप जवळजवळ मिटायची, की सकाळपर्यंत धुमसत राहतो. तुझ्या आईला गारठा सोसत नाही म्हणून यंदा खिडक्यांच्या फटीही कापडाने बुजवल्या. एवढं करून कुरकुर आहेच.

तब्येत सांभाळ. आशीर्वाद आहेतच, सही तेवढी राहिली आहे.

तुझे बाबा

८ जानेवारी

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

नमस्कार केला, आता भांडते. कागद तसाच परत पाठवत आहे. सही करणार नाही. फोनवर तुम्ही मध्येच रिसीव्हर आपटता, म्हणून लिहावं लागतंय.

गेल्या महिन्यात आई माझ्याकडे नऊ दिवस होती. आली तेव्हा खरंच हरवल्यासारखी होती, आज कोणता वार हेही सांगता येईना. तिसऱ्या दिवसापासून मात्र पेपर वाचून मलाच बातम्या सांगू लागली आणि रमीत सलग चार डाव तिने मला धूळ चारली. तुमच्याकडे परतली आणि आठवड्यात पुन्हा तेच. यंत्र एका जागी सुरळीत चालतं आणि दुसऱ्या जागी बंद पडतं, तर दोष यंत्राचा की जागेचा? जन्मभर गिरणीचा बॉयलर सांभाळलात, तुम्हीच सांगा.

आमच्या बेकरीतल्या भट्टीवाल्या काकांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते हातातलं फावडं टाकून उठलेच. ओंडका असा धुमसत ठेवणं म्हणजे मरणाला आवतण देणं आहे, असं म्हणाले. हवा कोंडली की लाकूड धड जळत नाही, आणि मग जो विषारी वायू निघतो त्याला ना रंग ना वास. डोकेदुखी, मळमळ, झापड, भ्रम, ही सगळी त्याचीच लक्षणं. काका एक वर्ष फोडून वाळवलेलंच लाकूड घेतात. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघतात, खणखणीत वाजले तरच भट्टीत. आग लहान असली तरी चालेल पण ज्वाळेची हवी, झडप उघडी हवी आणि बाहेरची हवा आत यायला वाट हवी. तुम्ही तर वाटच बुजवून बसलात! तुमचं धुराडं शेवटचं साफ कधी केलंत? तुमचं सरपण अंगणात भिजत पडलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

आजच्या आज शेगडी विझवा, खिडक्या उघडा आणि दोघंही डॉक्टरकडे जा. पांघरुणं कमी पडली तर मी पाठवते. लोभ असू द्यावा, माझा राग मात्र इतक्यात उतरणार नाही.

तुमची बेबी

११ डिसेंबर

चि. बेबीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. एक्केचाळीस वर्षं मी बॉयलर सांभाळला. दर तासाचा दाब माझ्या अक्षरात नोंदलेला आहे, एक तारीख चुकलेली दाखव. आणि पाव भाजणारी पोर मला आग शिकवणार! झडप किती उघडायची हे मला कोणी सांगू नये.

घरात धूर नाही. वाससुद्धा नाही. धुराडं बसवून सहा वर्षं झाली, एकदाही तक्रार नाही, मग साफ कशाला करायचं? बाहेर कडाक्याची थंडी आहे. चार दिवस मी उंबरा ओलांडलेला नाही आणि डोकं सारखं ठणकतंय, ते तुझ्या आईच्या पायी. ती तर आता बोलतही नाही. चमचा हातात दिला तर जेवते, नाही तर तशीच बसते.

एक्केचाळीस वर्षं मी बॉयलर सांभाळला. दर तासाचा दाब माझ्या अक्षरात नोंदलेला आहे, एक तारीख चुकलेली दाखव. झडप किती उघडायची हे मला कोणी सांगू नये.

अर्ज पुन्हा पाठवतो. सही कर.

तुझे बाबा

१३ जानेवारी

बाबा,

आज मायना-बियना काही नाही. तुमचं पत्र तुम्हालाच परत पाठवतेय, डोळे उघडून वाचा. तारीख बघा, महिना कोणता लिहिलात? एकच मजकूर दोनदा लिहिलाय, दोन्हीकडे मी लाल शाईने रेघ मारली आहे. आणि पाकिटात अर्ज नाहीच! एक्केचाळीस वर्षांत एक तारीख न चुकवणाऱ्या माणसाचं हे पत्र आहे. आता तुमच्यासाठी कुठला वृद्धाश्रम बघू?

पावाच्या गाडीचा ड्रायव्हर हे पत्र घेऊन येतोय. तो आधी दारं-खिडक्या उघडेल, तुम्हा दोघांना बाहेर काढेल आणि थेट दवाखान्यात नेईल. त्याच्याशी हुज्जत घालू नका, रोज मैद्याची पोती उचलतो, तुम्हालाही उचलेल. मी मिळेल त्या पहिल्या बसने मागोमाग निघते.

बेबी

३० जानेवारी

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

नाकाला नळी लावून दवाखान्यात काढलेले ते दोन दिवस तू पाहिलेच आहेस. तू परत गेल्यावर धुराडं साफ करणाऱ्याला बोलावलं. घमेलंभर काजळी निघाली, डांबरासारखी चिकट. आत तीन बोटं जातील एवढीच वाट उरली होती. तुम्ही जिवंत कसे राहिलात, असं तो विचारत होता. त्याला चहा पाजला आणि पुढच्या थंडीआधीची तारीख ठरवून टाकली. खिडक्यांतली कापडं काढली, वायू ओळखून ओरडणारी पेटी भिंतीवर लावली, सरपण छपराखाली रचलं. ते वाळेपर्यंत वखारीतून सुकं लाकूड आणतो. तुला जे बोललो ते चुकलं. हे एक वाक्य लिहायला तीन कागद फाडले.

तुझ्या आईचं डोकं आता माझ्यापेक्षा ताळ्यावर आहे, शब्दकोडं पेनाने सोडवते. पण माझ्याशी बोलत नाही. त्या तीन महिन्यांत मी काय काय बोललो ते तिला शब्दन् शब्द आठवतंय! मी समजत होतो की तिला काही कळत नाही. विष माझ्याही डोक्यात होतं हे सांगून पाहिलं, ऐकून घेत नाही. तू शब्द टाक, तुझं ऐकेल. म्हाताऱ्यावर लोभ ठेव, घरात दुसरं कोणी ठेवत नाही.

तुझे बाबा

४ फेब्रुवारी

चि. बेबीस अनेक उत्तम आशीर्वाद.

ह्यांची वकिली करणारं तुझं पत्र पोहोचलं. आता राग सोड, असं लिहिलंयस. सही केली नाहीस, जीव वाचवलास, त्याबद्दल तुला किती आशीर्वाद देऊ! पण तुझ्याकडे होते तेव्हा रोज सकाळी मला वार विचारायचीस आणि बरोबर सांगितला की शाबास म्हणायचीस, तेही माझ्या ध्यानात आहे.

ह्यांनी मला काय म्हटलं ते तुला सांगितलं का? भोक पडलेलं भांडं म्हटलं. माझ्यादेखत शेजाऱ्याला सांगितलं, की हिच्यासमोर काहीही बोला, हिला काही कळत नाही. मला कळत होतं गं. तोंडात शब्द येत नव्हते, एवढंच. त्या खुर्चीत बसून मी सगळ्या नातलगांची नावं मनात घोकायचे. एखादं सुटलं तर हे म्हणतात ते खरं ठरेल, ही भीती. आणि रोज एखादं सुटायचंच. तीन महिने मी स्वतःला वेडी समजत होते.

विषाचं म्हणशील, तर वृद्धाश्रमात हे चालत गेले होते. नदीवरच्या वाऱ्यातून, दीड तास. तिथे बसून सही केली. ते अक्षर तू पाहिलंस ना? मोत्यासारखं आहे. तिथे कुठलं विष होतं?

शेगडी आता मी पेटवते. लाकडं हे फोडतात, झडपेला हात मी लावते. समोर बसून बघतात. कालपर्यंत मी एक अक्षर बोलले नव्हते. काल हे म्हणाले, की झालं गेलं विसरून जा. तेव्हा मात्र तोंड उघडलं. तीन महिने मी विसरते म्हणून माझ्यावर ओरडलात, म्हटलं, आता विसरायला सांगू नका.

तुझ्यावर माया आहे तशीच आहे. ह्यांचं बघू.

तुझी आई