दुसरी गोळी अडते

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दुकानातलं लोखंडी टेबल, स्प्रिंगा वळायचं हातयंत्र, तुझ्या शिलाई मशीनचा मोडलेला चाप, वडिलांच्या शेवटच्या वर्षातली चाकांची खुर्ची, डॉक्टरीणबाईंच्या औषधकपाटाचं कुलूप, आणि कंपनीने कधीच बंद केलेल्या एका रायफलीच्या बोल्टचा दांडा. एवढं सगळं मी या दोन हातांनी केलं, कुठल्या शाळेची पायरी न चढता. आणि तू विचारतेस, 'तुला जमेल का रे?' चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच होतं.

असो. मला समजलं ते असं. भावजी गेल्यापासून त्यांची जुनी पॉइंट टू-टू रायफल आता तुझी टिचकी चालवते. पहिली गोळी नीट आत जाते, दुसरी अडते. पुढच्या महिन्यात क्लबच्या संघाची निवड आहे, त्यात पाच गोळ्या ओळीने झाडायच्या, आणि पोरीला बापाच्याच रायफलीने उतरायचंय. बरोबर?

तर आधी रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी नाही, बोट घालून बघायला सांग. मग गोळी बसते ते चेंबर साफ करायचं, जुन्या तेलाचं मेण होतं. गोळ्यांची डबी, म्हणजे मॅगझिन, खालून बसवल्यावर खटका लागतो का ते बघायचं. आणि खोट्या काडतुसांनी, बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता भाग) मागेपुढे करून, मला नेमकं कळव, की गोळी अडते कुठे. गोळीचं नाक वर आपटतं, खाली आपटतं, की गोळी येतच नाही? हे तीन वेगळे आजार आहेत, एका गोळीने बरे होत नाहीत. (हसलीस ना?)

राग नाही, पण 'जमेल का' पुन्हा लिहू नकोस. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
भाऊ


९ जून

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचून मी आणि टिचकी पोट धरधरून हसलो. मापाड्या, त्यात एक राहिलं. लहानपणी तू मला उंदराचा पिंजरा करून दिला होतास, त्यात तुझंच बोट अडकलं होतं.

आता काम. चेंबर साफ केलं, खटका लागतो. गोळी कधी येतच नाही, बोल्ट रिकामाच बंद होतो. कधी तो गोळीला मागून धरायच्या ऐवजी मधेच धरतो, काडतुसाच्या पोटावर ओरखडा उठतो. टिचकीने हे भिंग लावून बघितलं, तेव्हा नीट वाच.

एक माझंही सांगते. मला यातलं काही कळत नाही. पण इतकी वर्षं मी मधल्या खोलीत इस्त्री करायचे आणि पलीकडे हे रिकाम्या रायफलीचा सराव करायचे. त्यांचे दोन आवाज यायचे, एक मागे आणि एक पुढे. मागचा जास्त मोठा. टिचकीचा एकच येतो, पुढचा. मागचा येतच नाही. याचा काही संबंध असेल का?

तब्येतीला जप. जेवण दुकानातच उरकत असशील, ते बंद कर. इकडे ये एकदा. हे गेल्यावर तू दोन दिवस राहिलास आणि दोन्ही दिवस दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालत बसलास.

तुझीच,
ताई


१४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आवाजाचं माप नसतं गं. रायफल म्हणजे काही तबला नव्हे. ओरखड्यावरून माझं निदान झालंय: मॅगझिन. गोळीला वर धरून ठेवणाऱ्या दोन पत्र्याच्या कडा असतात, आम्ही त्यांना ओठ म्हणतो. ते वाकले की गोळी तिरकी उभी राहते. मॅगझिन पार्सलने पाठव, रायफल नको.

यायला मला सवड नाही, दुकान कोण बघणार? आणि खरं सांगू, भावजींनी एवढ्या वर्षांत एक स्क्रूसुद्धा माझ्याकडे आणला नाही. सगळं घरीच करायचे. मेव्हण्याचं दुकान गावाला चालतं, त्यांना चालत नव्हतं. त्यांच्या टेबलापाशी बसून त्यांच्या वस्तूला हात लावायचा म्हणजे मला अवघडल्यासारखं होतं.

टिचकीला सांग, मामा आहे. निवडीला रायफल धावेल.

लोभ जपून ठेव,
तुझा भाऊ


२० जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

म्हटलं नव्हतं? डावा ओठ उजव्यापेक्षा चांगला उघडा होता, आणि पुढे किंचित वर. कधीतरी फरशीवर पडलं असणार. दोन्ही ओठ सरळ करून कंपासने तपासले, केसाचा फरक नाही. परत पाठवतोय. शिवाय मन भरेना म्हणून नवीन पत्रा कापून दुसरं मॅगझिनही केलं, नवी स्प्रिंग वळून. दोन्ही जुळी भावंडं दिसतात. आता पोरीने फक्त नेम धरायचा.

भावजींच्या हातून असं वाकडं कसं राहिलं, याचं नवल वाटलं. चालायचंच.

तुझा,
भाऊ


२ जुलै

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

तुला वाईट वाटेल म्हणून चार दिवस लिहिलं नाही. आता दुसरीच काय, पहिली गोळीही जात नाही. नाक डाव्या कडेवर आपटतं. तुझी दोन्ही मॅगझिनं सारखीच अडतात, खरंच जुळी आहेत. निवड परवावर आलीय. तू येऊन जाशील का?

ताई


५ जुलै

ती. मामास,
सा. न.

आई म्हणते तूच लिही, म्हणून लिहिते. तुम्ही वाटेत असाल तर हे तुम्हाला मिळणारही नाही.

मी क्लबच्या रायफलीने उतरले. तिचा दस्ता मला लांब पडतो, गाल नीट टेकत नाही. चौघी घेतल्या, मी पाचवी.

पण एक कळलं. क्लबच्या सरांनी सरावाला बघितलं आणि विचारलं की बोल्ट असा घाबरत का ओढतेस, टेकेपर्यंत मागे घे. तसा घेतला तर त्या रायफलीत एकदाही अडलं नाही. पहिली गोळी भरताना बोल्ट पूर्ण मागे असायचा, पुढे मात्र मी अर्ध्यातूनच परत ढकलत होते. म्हणजे आई म्हणायची तो मागचा आवाज! बाबांची वस्तू, जोरात ओढली आणि काही तुटलं तर दुसरी कुठून आणायची, असं वाटायचं. घरी येऊन आपल्या रायफलीत पूर्ण ओढून बघितला, पण आता तसाही चालत नाही.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही एवढं नवीन करून पाठवलंत.

तुमची,
टिचकी


१९ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्याकडून परत येऊन आठवडा झाला. तिथे तोंडाने बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

भावजींच्या टेबलावर मी रायफल उलटी ठेवली तेव्हा तू चहा घेऊन दारात उभी होतीस, आणि काय सापडलं, असं विचारलंस. मला तेव्हा दिसलं होतं. मॅगझिन धरणारा खटका एका बाजूने झिजलाय. त्यामुळे मॅगझिन आत बसतं ते उजवीकडे कलून. हा भाग आता कुठे मिळत नाही. म्हणून भावजींनी रायफल सरळ करायचा नाद सोडला आणि ओठ तिच्या वाकडेपणाला जुळवून घेतले. डावा उघडा, पुढे किंचित वर. ते पडून वाकलं नव्हतं. पडलं असतं तर पत्र्यावर ठोका दिसला असता. पक्कडीचाही व्रण नव्हता, म्हणजे फडकं गुंडाळून, हळूहळू, गोळी चालवून बघत बघत केलेलं काम. तो स्वच्छ पत्रा मी भिंगाखाली धरला होता, आणि व्रण का नाही हे स्वतःला विचारलं नाही.

त्याहून वाईट पुढे आहे. मी प्रत्येक गोष्टीचं माप घेतो, तुला माहीत आहे. सरळ केल्यानंतरचं माप माझ्याकडे आहे. आधीचं नाही. जे चुकलेलं आहे असं ठरवलं, त्याचं माप कशाला घ्यायचं, असं वाटलं. तुझ्याकडे त्या दुपारी मी भावजींच्या मॅगझिनचा डावा ओठ अंदाजाने परत उघडायला गेलो आणि तो मुळापासून चिरला. पत्रा दोनदा वाकायला तयार असतो, तिसऱ्यांदा नसतो. तू म्हणालीस की जाऊ दे रे, वस्तू आहे. तुझा हात तेव्हा त्या टेबलाच्या कडेवरून फिरत होता, ते मी पाहिलं.

तू एकाच वाक्यात रोग सांगितला होतास. इस्त्री करता करता ऐकून. पोरीला 'पूर्ण ओढ' एवढं म्हटलं असतं तर भावजींचं काम तसंच राहिलं असतं आणि ती आज संघात असती. मी तुला तबल्याची चेष्टा ऐकवली.

नव्या पत्र्याचे ओठ मी आता थोडे थोडे वाकवून बघतोय. चार केले, चारही टाकले. पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. या वेळी रायफल समोर ठेवूनच करीन, आणि तू मधल्या खोलीत बस. दोन्ही आवाज आले की सांग. तुझ्या कानाने पास केलं तरच मी उठेन. टिचकीला पुढच्या वर्षी पुन्हा निवड आहे, असं ती म्हणाली. माझ्याशी ती आधीसारखीच बोलते, तेच जास्त लागतं.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा,
भाऊ

ता. क. तुझ्याकडून परत आणलेलं ते जुळ्यातलं नवीन मॅगझिन मी दुकानात काचेपाशी ठेवलं होतं. शहरातला एक रायफलींचा व्यापारी आला होता, त्याने ते आपल्याकडच्या तसल्याच रायफलीत लावलं. पाचही गोळ्या लोण्यासारख्या गेल्या. अशी शंभर करून द्या, म्हणाला, तुमच्या नावाचा छाप मारून, अर्धे पैसे आजच. त्याची रायफल सरळ होती. ज्या एकीसाठी ते केलं तिच्यात ते चालत नाही, हे त्याला काय सांगणार? मी नाही म्हटलं. ऐंशी हजार देत होता.