घरपट्टी आणि पट्टा

तीर्थरूप आईस,

लांबूनच पाया पडतो. मी बरा आहे, जेवतो वेळेवर.

इथल्या शहराच्या पालिकेने, पैसे नाहीत म्हणून, सीतापुऱ्यापलीकडच्या आमच्या वस्तीची कचरागाडी बंद केली. ती मीच चालवायचो, पण तू काळजी करू नकोस. कचऱ्यावर आता मोर येतात. इतक्या जवळून मोर तू पाहिलाच नसशील.

वस्तीतले म्हणाले, कर शहराला कशाला भरायचा, आपली वेगळी नगरपालिका हवी. मला वाटलं, तिची गाडी मलाच मिळेल. म्हणून सभेत उठून बोललो, "हमारे गाँव की अपनी पालिका है, हर घर की घरपट्टी होती है." टाळ्याच पडल्या! इथे पट्टा म्हणजे घराच्या मालकीचा कागद, आणि तो इथे कुणाकडेच नाही; त्यांना वाटलं, नव्या पालिकेत घरोघर पट्टा मिळणार. घरपट्टी म्हणजे कर, हे मग मी सांगितलं.

माझ्या घरमालकीण कमलाजी, ज्यांचं भाडं थोडं थकलंय, म्हणाल्या, "भैया, टैक्स ही देना है तो यही पालिका क्या बुरी है?" लोक हसत उठून गेले. वेगळ्या पालिकेचं नाव आता कुणी काढत नाही.

ताईचं बाळ रांगतं का? गोधडी शिवून झाली असली तरी पाठवू नकोस. गोधडी येईपर्यंत मी या पत्त्यावर असेन असं वाटत नाही.

तुझा,
गंधार