मोनिकाच्या हातावर नारळ ठेवू नये

मी, चांगुणा भ्र. गहिनीनाथ पालवे, वय एकाहत्तर, धंदा शेती व जमिनीतले पाणी दाखवणे, राहणार मौजे निंबदरा, तालुका पाथर्डी, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि राजीखुशीने, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे का, हा प्रश्न माझ्या बाबतीत नेहमीच निघतो, म्हणून नगरच्या डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. अक्षर थरथरलेले दिसेल. लिथियमच्या गोळीने हात थरथरतो, त्याचा कोणी भलता अर्थ काढू नये.

माझ्या आजाराचे नाव बायपोलर. मन कधी फार चढते, कधी फार खचते, आणि मधला बराच काळ माणूस चारचौघांसारखा असतो. सुनीलच्या बाळंतपणानंतर ते पहिल्यांदा चढले. झोप उडाली, भूक गेली, मी अनवाणी रानात फिरू लागले आणि पायाखाली पाणी वाहताना ऐकू येऊ लागले. लोकांनी तळहातावर नारळ आडवा ठेवला. तो उभा राहिला, तिथे खणले आणि पाणी लागले. हे खरे आहे, मी नाकारत नाही. कोरडी गेलेली ठिकाणेही पुष्कळ आहेत, पण तिथे नारळ फोडायला कोणी बोलावले नाही, म्हणून ती कोणाच्या लक्षात नाहीत.

मन खचले की पाणी गप्प व्हायचे. मग फक्त आमच्या जुन्या विहिरीतून हाक यायची, "बबे, ये." माझी आई मुक्ताबाई मला बबे म्हणायची. ती मी लहान असताना माहेरच्या विहिरीत गेली. तिला पाण्यातल्या साती आसरांनी नेले असे म्हणून सगळे मोकळे झाले. ती विहीर वेगळी, गाव वेगळे, पण आवाज तिचाच होता.

आता वाटणी. सगळी मिळकत माझ्या कमाईची आहे, वडिलोपार्जित काही नाही.

कलम पहिले. विहिरीसह खालचे रान नात मोनिका सुनील पालवे हिला द्यावे. तिला तीस वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याची व्यवस्था माझी मुलगी सीमा, राहणार सुपा, हिने पाहावी. विहिरीवर लोखंडी जाळी बसवून कुलूप लावावे. काठावरचे आसरांचे दगड तिथेच राहू द्यावेत, त्यांना हिरवा चुडा जरूर वाहावा. मात्र त्यांच्यासमोर कोणत्याही बाईला घुमायला बसवू नये.

कलम दुसरे. गोठ्यात खुंटीला एक दावे टांगले आहे. माझी जाऊ साळूबाई हिने त्याच दाव्याने मला लिंबाला बांधले होते, अंगातले उतरावे म्हणून. ते जाळून टाकावे. साळूबाईला देऊ नये, ती परत वापरील. तिला माझी तांब्याची घागर द्यावी, कारण नंतर माझ्या वेण्याही तिनेच घातल्या.

कलम तिसरे, मुलगा सुनील याच्याविषयी. त्याने बोअरची गाडी घेतली आणि माझा आजार त्याच्या धंद्यात धरला गेला. गोळ्या सुरू झाल्यावर माझ्या हातावर नारळ आडवाच राहू लागला. सुनील म्हणाला, "आये, उन्हाळ्यापुरत्या गोळ्या बंद कर की. लोक लई आशेनं येत्यात." मी बंद केल्या. पाणी लागले, आणि पावसाळ्यात मी विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसलेली सापडले. त्यातून मला विजेच्या उपचाराने वर काढले. शॉक म्हटले की लोक घाबरतात. भूल देऊन देतात, दुखत नाही. काही दिवस विसरायला झाले, मग भाकरीची चव परत आली. एवढे होऊनही माझा सुनीलवर राग नाही असे लिहिणार होते, पण ते खोटे होईल.

टँकरच्या उन्हाळ्यात मी माझ्या वाट्याचे प्यायचे पाणी म्हशीला घालत होते. उलट्या झाल्या, जीभ जड पडली, पाय लटपटू लागले. अंगात आसरा आल्या म्हणून घरच्यांनी माझी ओटी भरली. शेजारच्या भीमराजभाऊंनी सगळ्यांशी भांडून मला जीपमध्ये घातले आणि नगरला नेले. शरीरातले पाणी कमी झाल्याने रक्तातली गोळी वाढून विषबाधा झाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, गावाला पाणी दाखवता आणि स्वतः पीत नाही?" ज्याला ही गोळी आहे त्याने पाणी भरपूर प्यावे, जेवणातले मीठ मनाने तोडू नये आणि रक्त तपासत राहावे.

कलम चौथे. मोनिका संक्रांतीपासून झोपत नाही. बोलता बोलता थांबते, मान कलती करून जमिनीकडे कान देते, आणि तेव्हा मलाही ऐकू येते. सुनील तिला लोकांच्या शेतावर नेऊ लागला आहे. माझ्या हातावर नारळ हळूहळू उठायचा. तिच्या हाताजवळ नेताना तो सुनीलच्या हातातच हलला. मी पाहिले आणि मला भीती वाटली. ती मला आजी म्हणते. परवा तिने ओसरीवरून हाक मारली, "बबे, ये." हे नाव या गावात मी कोणाला सांगितलेले नाही.

म्हणून राहते घर आणि वरचे रान सुनीलला एकाच अटीवर मिळेल. त्याने मोनिकाला पाणी दाखवायला नेऊ नये, डॉक्टरांकडे न्यावे. नाहीतर तेही सीमाला जावे. मोनिकाला औषध भाजीत लपवून देऊ नये, समजावून द्यावे. समुपदेशनाला घरातले एक माणूस तिच्यासोबत बसावे. लग्न किंवा मूल ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारावे, गोळी परस्पर बंद करू नये. सीमाला मी आजाराच्या खुणा शिकवल्या आहेत. झोप उडाली की वाट पाहायची नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही सीमाच करील.

इथवर लिहून झाले तेव्हा मोनिका शेजारी येऊन बसली. तिने विचारले, "आजी, गोळ्या घेतल्यावर जातं का गं ते?"

जाते म्हणून सांग, असे सीमाने मला बजावले होते. माझ्याने सांगवेना. मी म्हणाले, "कमी हुतं, बाई. मला अजून कधी कधी ऐकू येतं. पर आता मी ओ देत न्हाई."

ती म्हणाली, "मी काल ओ दिली."

सुनील दारात उभा होता. त्याने ऐकले. तो जीप आणायला गेला. हे मृत्युपत्र सोमवारी नोंदवायचे होते, ते मागे राहू द्या. आम्ही आता मोनिकाला घेऊन नगरला निघालो आहोत. मी उजव्या हाताने तिचा हात धरून आहे, म्हणून या शेवटच्या ओळी भीमराजभाऊंनी लिहून घेतल्या आणि सहीच्या जागी मी डाव्या हाताचा अंगठा केला आहे.

ठिकाण: मौजे निंबदरा
दिनांक: १६ मे २०२५

चांगुणा गहिनीनाथ पालवे (डाव्या हाताचा अंगठा)

चांगुणाबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत अंगठा केला आणि त्यांच्यासमोर आम्ही सह्या केल्या.
साक्षीदार:
भीमराज रंभाजी साळवे (सही)
गोरक्षनाथ बजरंग ढाकणे, जीपचालक (सही)