घाई तुजी हाय

बुधवार, नेरे

आमच्या नव्या मातीच्या घराची मागची भिंत आज सकाळी पडली. म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कूड उभाच आहे, पण त्यावर मी काल थापलेला चिखल सगळा खाली आला. बांधकाम शिकवणाऱ्या हिराबाईंनी बजावलं होतं, एका वेळी एकच पातळ थर. मी ऐकलं नाही. का? महिनाअखेरीस राहायला यायचं म्हणून? की मला जास्त कळतं असं वाटलं? दुसरंच खरं असावं.

त्या रागावल्या नाहीत. चिखल हातात घेऊन म्हणाल्या, "माती चांगली हाय, बाय. घाई तुजी हाय. पेंढा घाल नि परत तुडव." ते 'घाई तुजी हाय' तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

दुपारी नवीन पनवेलहून नवऱ्याचा फोन आला. आमचा फ्लॅट भाड्याने घ्यायला आलेले लोक त्याच्यासमोर बसले होते. मी सुधीरला भिंतीचं सांगितलं. तर हळूच म्हणाला, "त्यांना नाही म्हणू का? अजून वेळ गेलेली नाही."

क्षणभर वाटलं, म्हण. नळ, पंखा, सरळ भिंती... घाई माझी, मग माघारही मीच घ्यायची? नाही.

"किल्ली देऊन टाक," मी म्हटलं, "आणि जुनी पँट घालून इकडे ये."

आला. हिराबाईंनी त्याला आधी चपला काढायला लावल्या. दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघांनी चिखल तुडवला. पहिला पातळ थर भिंतीला कंबरेपर्यंत लागला. चिखल बराच उरला होता, आणखी थापायला हात शिवशिवत होते. पण ओलं गोणपाट टाकून उद्यासाठी झाकून ठेवला.